आक्काची मते आणि माझी शाल

ही गोष्ट सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. टाळणे अवघड नव्हते, कारण कुणी विचारत नव्हते. संगमनेरात आमच्या वसाहतीत आणि शेजारच्या एक-दोन वसाहतींत मी ‘पिक्चरवाले सर’ म्हणून ओळखला जातो. मारामारीचे आणि विज्ञानातले पिक्चर, म्हणजे ज्यात गाड्या उलटतात, माणसे भिंतीवरून चालतात, यंत्रे चिडतात आणि परग्रहावरून कुणीतरी येऊन मोठ्या शहराच्या काचा फोडते, त्यांच्याबद्दलची माझी मते ऐकण्यासारखी असतात, असा सगळ्यांचा समज आहे. या मतांबद्दल मला एकदा शाल आणि नारळ मिळाला. नारळाची चटणी झाली. शाल कपाटात आहे.

खरे असे की यांतले बहुतेक पिक्चर मी पुरते पाहिलेले नाहीत. दुपारचे जेवण झाले की मी टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतो, पहिली गाडी उलटेपर्यंत जागा असतो आणि मग झोपतो. स्फोटांच्या आवाजात मला विशेष चांगली झोप लागते. कौटुंबिक पिक्चरमध्ये लागत नाही. त्यात कोण केव्हा रडायला लागेल याचा भरवसा नसतो.

मते माझ्या थोरल्या बहिणीची होती. तिला मी आक्का म्हणायचो.

आक्काचे सासर नेवाशाकडे. तिचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले. मूलबाळ नव्हते. सासू-सासऱ्यांचे सगळे तिने केले आणि ते दोघेही गेल्यावर दीर म्हणाला, वहिनींनी आता आराम करावा. आराम म्हणजे दुसरीकडे जावे, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. मी तिला संगमनेरला घेऊन आलो. मी हायस्कुलातून तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. भूगोल शिकवायचो. आमची सौभाग्यवती नातू सांभाळायला मुलाकडे पुण्याला गेली होती आणि नातू वर्षागणिक अधिकच सांभाळण्यासारखा होत चालल्यामुळे ती तिकडेच राहिली. म्हणजे घरात आक्का आणि मी.

आमच्या टीव्हीवर काय दिसावे हे केबलवाला ठरवत असे. आक्का आली तेव्हा कीर्तनाचे एक चॅनल होते. ते एक दिवस नाहीसे झाले आणि त्या जागी हिंदीत डब केलेले पिक्चर लागायला लागले, काही इंग्रजी, काही दक्षिणेकडचे. आक्काला रिमोटची सवय नव्हती. तिला वाटले, कीर्तनाच्या आधीचे काहीतरी चालू असेल, संपेल. वाट बघता बघता तिने अख्खा पिक्चर पाहिला. दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्याला फोन करून कीर्तन परत आणवले.

आक्का टीव्हीकडे बघून म्हणाली, “आरं, ते कालचं कुठं गेलं?”

“कालचं काय?”

“त्यो गडी इमानाला लोंबकळत हुता. पडला का ऱ्हायला?”

मग मी पुन्हा फोन केला. केबलवाला म्हणाला, सर, तुमचं एकदा काय ते ठरवा. मी दोन्ही चॅनल मागून घेतले.

आमची रीत अशी बसली. दुपारी मी खुर्चीत, आक्का खाली चटईवर भिंतीला पाठ लावून. पुढ्यात ताट, ताटात निवडायचे काहीतरी. मी झोपायचो. ती बघायची. मला उठवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी विचारायचो, “काल काय झालं शेवटी?” आणि ती सांगायची.

तिचे पहिले मत मला आठवते ते अंतराळयानाबद्दलचे.

“पोचलं की ते,” ती म्हणाली. “पर मला एक सांग. एवढं गावाएवढं जहाज. वरसानुवरसं मानसं त्यात ऱ्हात्यात. झाडू मारताना एक बी दिसला न्हाई.”

“यंत्रं मारत असतील.”

“मग ती दावायला काय हुतं? नुसती बटनं दाबनारी दावली. जेवायला बी कुनी बसलं न्हाई. न जेवता मानूस एवढं भांडतो व्हय?”

मी हसलो. तिला आपण काही हसण्यासारखे बोललो असे वाटले नव्हते. तिने बशी खाली ठेवली आणि मी का हसतोय ते बघत बसली. मग तीही हसली.

त्या दिवसापासून ती जास्त लक्ष देऊन बघायला लागली असावी. मी झोपलेला असल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. पण सकाळी तिच्याकडे काहीतरी तयार असायचे. खलनायक हिरोला बांधून घालतो आणि मारायच्या आधी आपला सगळा बेत त्याला समजावून सांगतो, यावर तिचे म्हणणे होते, “आमच्या दिराला बांध कोरायचा हुता, तवा त्यानं काय कुनाला आधी सांगितलं न्हाई. सकाळी बघितलं तर बांध हितनं तितं गेल्याला.” परग्रहावरचे लोक नेहमी परदेशातल्याच शहरात का उतरतात, असे मी विचारले तेव्हा म्हणाली, “आपल्या स्टँडवर उतरले तर त्यास्नी कोन घाबरनार? रसवंतीवाला इचारील, किती गिलास.” मारामारी करणाऱ्या बाईचे केस मोकळे सोडलेले तिला मुळीच पटायचे नाही. “आधी आंबाडा घाल, मग मार की. कोन नको म्हनतंय?” चिडलेल्या यंत्रांबद्दल ती जरा गंभीर होती. यंत्राला राग कसा येईल, असे मी म्हणालो. ती म्हणाली, “कुनी आधी लाड केले असतील तरच राग येतो. त्याचे कुनी केले हुते, ते दावलं न्हाई.”

तिला हे पिक्चर आवडत, हे नीट सांगायला हवे. ती नावे ठेवायला बघत नसे. म्हातारे हिरो तिला जास्त पसंत होते. “पळताना गुडघं दुखत्यात त्याचं. तोंडावर दिसतंय. मग मला खरं वाटतं.” पिक्चर चांगला की वाईट याची तिची कसोटी सोपी होती. मधे उठून दुधाखालचा गॅस बघावासा वाटला तर पिक्चर वाईट. चांगल्या पिक्चरला आमचे दूध उतू जायचे. काही महिने आमच्याकडे फार चांगले पिक्चर लागत होते आणि ओट्याला करपट वास येत होता.

एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. आक्का वाटी देता देता त्यांना सांगायला लागली की काल एका यंत्राने सगळी दुनिया कशी ताब्यात घेतली. वहिनींनी ऐकून घेतले, माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या. त्या हसल्या ते मला आवडले नाही.

मी म्हणालो, “आक्का, हे बाहेर कुणाला सांगत जाऊ नकोस.”

“का रं?”

“लोक हसतात. वय काय आपलं, बघतो काय. सरांची बहीण दुपारभर मारामाऱ्या बघते, असं होईल.”

तिने विरजणाचे भांडे झाकून ठेवले. मग “बरं,” म्हणाली. त्यानंतर आवाज बारीक करून बघायला लागली आणि दाराची बेल वाजली की कीर्तनाचे चॅनल लावायला शिकली. रिमोटचे तिला तेवढे एकच काम नीट जमले. वसाहतीत सगळ्यांना माहीत झाले की सरांची आक्का फार धार्मिक आहे.

आमच्या वसाहतीत एक मोकळा प्लॉट आहे. तिथे सिमेंटचे बाक आहेत, एका बाजूला पुरुषांचे, दुसऱ्या बाजूला बायकांचे. असे कुणी ठरवलेले नाही, पण तसेच आहे. संध्याकाळी आम्ही निवृत्त मंडळी तिथे बसतो, तोच आमचा कट्टा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक मॅनेजर आमचे पुढारी. दुसरे अण्णा, ज्यांचे आयुष्य टेम्पो चालवण्यात गेले आणि टेम्पो आता मुलगा चालवतो. आणखी चार-पाच जण. प्रत्येकाकडे बोलायला काहीतरी असे. मॅनेजरांकडे राजकारण, अण्णांकडे नाशिक-पुणे रस्त्यावरचे अपघात, बाकीच्यांकडे साखर आणि गुडघे. माझ्याकडे भूगोल होता. भूगोलाला कुणी विचारत नसे.

एका संध्याकाळी कुणीतरी म्हणाले की नातू टीव्हीवर अंतराळातले पिक्चर बघत बसतो. मी म्हणालो, “एवढं मोठं यान, पण झाडू मारताना कुणी दिसत नाही.”

मॅनेजर मोठ्याने हसले आणि अण्णांनी माझ्या मांडीवर थाप मारली. “सर, ही तुमची भारी हाय! आमी बघतो, पर आमच्या डोक्यात न्हाई आलं.”

माझ्याही डोक्यात आलेले नव्हते. ते तेव्हाच म्हणायला हवे होते. आक्का म्हणाली, असे दोन शब्द पुरले असते. पण मी तिला बाहेर बोलू नकोस असे सांगितले होते, आणि तिचे नाव घेतले असते तर ते सगळे उघड झाले असते, असे मी स्वतःला समजावले. खरे कारण अण्णांची थाप हे होते. ती बरी वाटली होती.

पुढे हे रोजचेच झाले. मी कट्ट्यावर आलो की मॅनेजर सरकून जागा करायचे. “बसा सर. आज काय उलटलं?” मी सांगायचो. रसवंती सांगितली, अंबाडा सांगितला, दीर वगळून बांध सांगितला. दूध उतू जाणारे पिक्चर आणि न जाणारे पिक्चर, ही विभागणी तर इतकी चालली की अण्णा कुठल्याही पिक्चरबद्दल विचारायचे, “सर, दूध ऱ्हातंय का जातंय?”

घरी आक्का समजत होती की मला या गोष्टींत रस आहे. रस होताच. फक्त कशासाठी, ते तिला ठाऊक नव्हते. एकदा सकाळी मी विचारायच्या आधीच म्हणाली, “काल लई आडवळनी हुता. तुला सांगायचा म्हनून नीट बघितला. ताट बी बाजूला ठिवलं.” आयुष्यात तिचे म्हणणे कुणी रोज उठून विचारले नव्हते. मी विचारत होतो. ती त्यासाठी ताट बाजूला ठेवत होती.

त्या आडवळणी पिक्चरमध्ये एक माणूस यंत्रात बसून मागच्या काळात जातो. त्याच्या लहानपणीच्या गावात जातो, कारण तिथे कुणीतरी बाँब ठेवलेला असतो आणि तो वेळेत काढायचा असतो. आक्काने सगळे सांगितले आणि मग चहाचा कप तसाच हातात धरून बसली.

“गेला तर गेला,” ती म्हणाली, “आन् सोताच्या घरावरनं पळत गेला. थांबला बी न्हाई. आत आई असंल ना त्याची? जिती. दार वाजवायचं. भाकर हाय का गं, म्हनायचं. तव्यावरची एक खायाची. मग जायाचं बाँब हुडकायला.”

“अगं, त्याला वेळ कुठं होता?”

“येळंचंच तर मशीन हाय त्याच्याकडं.”

आमची आई मी लहान असताना गेली. मला तिचा चेहरा फोटोतला आठवतो, भाकरी आठवत नाही. आईनंतर घरातल्या भाकरी आक्काने केल्या, तिचे लग्न होईपर्यंत. मला आठवतात त्या भाकरी आक्काच्या. तिला आईच्या आठवत होत्या.

त्या संध्याकाळी मी हे कट्ट्यावर सांगितले नाही. याचा अर्थ मला ते तिचे आहे हे कळत होते. पुढे जे केले ते न कळून केले, असे म्हणायची सोय मला नाही.

आमच्या ज्येष्ठ मंडळींचा वर्षातून एकदा मेळावा असतो. सकाळी मंगल कार्यालयात, नाश्ता, दोन-तीन व्याख्याने, मग जेवण. जो बोलतो त्याला शाल आणि नारळ. त्या वर्षी मधुमेहात पायांची काळजी यावर एक डॉक्टर होते, मृत्युपत्रावर एक वकील होते, आणि या दोघांच्या मधे माणसे उठून जाऊ नयेत म्हणून मॅनेजरांनी मला ठेवले होते. विषय होता ‘मारधाडीचे आणि विज्ञानाचे पिक्चर: एका साध्या प्रेक्षकाची मते’. घरच्या मंडळींनाही बोलावणे होते. आक्काचे गुडघे दुखत होते, त्यामुळे ती येणार नाही हे मी धरून चाललो होतो. पण अण्णा मुलाकडून टेम्पो मागून घेऊन दारात आले.

“आक्का, चला. भावाचं भाषण हाय, अन् घरी बसता व्हय?”

तिने ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले. अण्णांनी तिला पुढच्या सीटवर बसवले. मी मागे मेळाव्यासाठी न्यायच्या खुर्च्यांबरोबर बसलो.

ती बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसली. मी बोलायला उभा राहिलो. सुरुवातीला मी तिच्याकडे बघायचे टाळले, पण तिचे हसणे ऐकू येत होते. झाडूवर लोक हसले, तर ती त्यांच्या आधी हसली. रसवंतीवर मी ‘स्टँड’ म्हणेपर्यंत तिचे हसून झाले होते. शेजारची बाई तिला कोपराने ढोसून म्हणाली, “तुमाला घरी आधीच ऐकवत असतील!” आक्काने मान डोलावली. तिचा चेहरा मला दिसला. तो रागावलेला नव्हता. आपली वस्तू दुसऱ्याच्या दुकानात मांडलेली बघून माणूस आधी नुसता ओळखतो, तसा होता.

तिथे थांबायला हवे होते. पण लोक हसत होते आणि शेवट मोठा व्हावा असे मला वाटले. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, “एकदा असाच एक पिक्चर पाहताना माझ्या मनात विचार आला.” आणि आईची भाकरी सांगितली. तव्यावरची सांगितली. दार वाजवायचे सांगितले. ‘वेळेचेच तर यंत्र आहे त्याच्याकडे’ हे वाक्य मी शुद्ध करून घेतले होते. वर ‘माझी आई’ असेही म्हणालो. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. वकिलांनी चष्मा काढून पुसला. आक्का हसत नव्हती. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

टाळ्या झाल्या. शाल झाली. मॅनेजर माईक घेऊन म्हणाले की सरांच्या भगिनी इथे आहेत, त्यांचेही दोन शब्द ऐकू. ते खाली उतरून तिच्यापर्यंत गेले. मी शाल पांघरून वरच उभा होतो.

“आक्का, घरातच एवढा मोठा जाणकार. तुम्ही पण बघता का नाही असले पिक्चर?”

माईक तिच्या तोंडासमोर होता. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“न्हाई बा,” ती म्हणाली. “मला काय कळतंय त्यातलं? मी आपलं कीर्तन बघते.”

सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, “वा! एका घरात कीर्तनही आणि स्फोटही.” पुन्हा हसले. मीही हसलो. मग जेवणे झाली.

परतताना टेम्पोत मी पुढे बसावे असा अण्णांचा आग्रह पडला, कारण सत्कार माझा झाला होता. आक्का मागे बसली. घरी आल्यावर तिने लुगडे बदलले, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आईचं चांगलं बोललास.” तेवढेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही नेहमीसारखा चालू होता. मी नेहमीसारखा झोपलो. सकाळी चहाला विचारले, “काल काय झालं शेवटी?”

“झोप लागली रं मला,” आक्का म्हणाली.

त्या दिवसापासून तिला रोज झोप लागत होती. मी डोळे मिटून पडलेला असताना ती टीव्हीकडे बघून हळू आवाजात ‘आता पळ’ म्हणाल्याचे मी ऐकले आहे. पण सकाळी विचारले की झोप लागलेली असायची. तिने रुसवा धरला नाही, आदळआपट केली नाही. चहा वेळेवर, भाजी चवीची. फक्त मत नव्हते.

कट्ट्यावर माझी पंचाईत झाली. मी जागा राहून पिक्चर बघायला लागलो. माझी स्वतःची मते सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. गाडी हवेत असताना पिक्चर हळू होतो ते मला आवडते, कारण तेवढ्यात चष्मा पुसून होतो. विज्ञानाच्या पिक्चरमध्ये निळा उजेड जास्त असतो. मारामारीत कोण कुणाला मारतो हे कपड्यांच्या रंगावरून ओळखावे लागते आणि हल्ली सगळेच काळे कपडे घालतात. आवाज फार असतो. ही मते माझी आहेत आणि ती माझ्याच नावावर राहावीत. कट्ट्यावर मी ती सांगितली. अण्णा सांभाळून म्हणाले, “सर, सर्दी झाली का?” मी हो म्हणालो. पुढे कुणी फार विचारले नाही. नाव तसेच राहिले.

मी माफी मागायचा प्रयत्न केला नाही असे नाही. संगमनेरात नवे थिएटर झाले. मी आक्काला घेऊन गेलो. मोठ्या पडद्यावर तिने असला पिक्चर कधी पाहिला नव्हता. तिकिटाबरोबर थ्री-डीचा जाड काळा चष्मा देतात, तो तिने आपल्या चष्म्यावर घातला आणि हाताने धरून बसली. बरेच काही आमच्या अंगावर आले. तिने दोनदा मान खाली घातली आणि एकदा समोरच्या माणसाच्या खुर्चीला हात लावून बघितला. मध्यंतरात मी म्हणालो, “आक्का, त्या मेळाव्याच्या दिवशी.”

“गप,” ती म्हणाली. “जाहिरात संपली.”

बाहेर आल्यावर रिक्षात मी विचारले, “कसा वाटला?”

“तू सांग की. तू सर.”

मी म्हणालो, चांगला होता, उजेड जरा निळा होता.

“आसं?” ती म्हणाली आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. पिक्चर तिला आवडला होता, हे मला तिच्या हातावरून कळत होते. रिक्षाच्या दांड्यावर तिची बोटे कसलातरी ताल धरत होती. तिच्याकडे त्या पिक्चरबद्दल नक्की काहीतरी होते. ते काय होते, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात तिला धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवले. तिच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, आवाज बंद केलेला. नळी नाकात, हाताला सलाईनची सुई, आणि ती पडल्या पडल्या टीव्हीकडे बघत होती. एक गडी पुलावरून पळत होता आणि मागे पूल पडत होता. मी ठरवून गेलो होतो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो, दोन्ही हात दांडीवर ठेवले. “आक्का,” म्हणालो, “मला तुझ्याशी एक बोलायचंय.”

तिने हात जरा हलवला. मला वाटले, जवळ ये म्हणतेय. मी पुढे झालो.

“बाजूला हो रं,” ती म्हणाली. “मधी उभा ऱ्हाऊ नको. दिसंना.”

मी बाजूला झालो. तो गडी पुलावरून पार झाला. नर्स आली, आणि भेटायची वेळ संपली म्हणाली. आक्का घरी आली ती बरी होऊनच आली. आता सवडीने चहाच्या वेळी सांगू, असे मी ठरवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका पहाटे ती झोपेत गेली.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर बरेच लोक आले. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन असते आणि मग श्रद्धांजलीची भाषणे. ज्यांनी गेलेल्या माणसाला दोनदा पाहिलेले असते तेही बोलतात. मॅनेजरांनी माईक घेतला. ते म्हणाले की सरांच्या भगिनी अत्यंत धार्मिक होत्या. आजच्या काळात टीव्हीवर काय काय असते, पण या माउलीने कीर्तनाशिवाय दुसरे काही पाहिले नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी हळहळले. अण्णांनी डोळे पुसले. शेवटी, घरच्यांनी दोन शब्द बोलावेत, म्हणून माईक माझ्याकडे दिला.

मी सगळ्यांचे आभार मानले. घाटावर सावलीची सोय केल्याबद्दल मंडपवाल्याचेही मानले. हात जोडले आणि खाली बसलो.

मॅनेजर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी माहीत होते ते सांगितले. त्यांना चुकीचे माहीत होते, आणि ते मी करून ठेवले होते. म्हणून आता लिहितो आहे. ती कीर्तन लावायची ते बेल वाजली की. ती मते तिची होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत. निळ्या उजेडाचे तेवढे माझे.

तिला सांगायचे होते ते मी मनात पुष्कळदा जुळवले होते. भाषणासारखे नाही. चहाच्या वेळी, बशी खाली ठेवून म्हणायचे होते:

आक्का, तू सगळ्यांसमोर ‘मला काय कळतंय’ म्हणालीस, तेव्हा मी शाल घेऊन वर उभा होतो. मी म्हणायला हवं होतं, मी झोपलेला होतो, बघितलं सगळं हिनं, हिला विचारा. मी हसलो. आणि त्याच्या कितीतरी आधी बाहेर बोलू नको म्हणून तुला गप्प मीच बसवलं होतं. माझं चुकलं, आक्का.